करदाता परदेशात, कसूरदार घरात

अनिवासी भारतीयाकडून घर घेणाऱ्याला आता टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागणार नाही, ही 2026 च्या अर्थसंकल्पातली तरतूद मध्यमवर्गाला मिळालेली मोठी भेट म्हणून वाजवली गेली. 1 ऑक्टोबर 2026 पासून असा खरेदीदार स्वतःच्या पॅनवर चलन भरून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, जमा करू शकेल. सुटका आहे, नाही असे नाही. आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्या माणसाने एखाद्या कारखान्यासारखा कपातदार क्रमांक काढायचा, तिमाही विवरणपत्र भरायचे आणि मग तो क्रमांक परत करण्यासाठी अर्ज करायचा, हा प्रकार हास्यास्पदच होता. पण त्यावरची चर्चा दोनच सुरांत झाली. एका बाजूला ‘चला, प्रश्न मिटला’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला टीडीएस हीच मुळात दंडेली आहे, ती पद्धतच मोडीत काढा असे म्हणणारे. जानेवारी 2025 मध्ये नेमकी हीच मागणी घेऊन एक याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला होता. माझ्या मते दोन्ही बाजू मुद्दा सोडून भांडत आहेत. अनिवासींना दिलेल्या पैशातून कर मुळातच कापला पाहिजे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचाच तर तो यावर घाला, की पैसे देणाऱ्याला जी गोष्ट कळण्याचा मार्गच नाही, ती न कळल्याची शिक्षा त्याला का?

आधी कपातीची बाजू, कारण ती भक्कम आहे. इंग्लंडमध्ये पंतप्रधान धाकट्या पिटने 1799 मध्ये पहिला प्राप्तिकर लावला, तो ज्याने त्याने आपले उत्पन्न सांगायचे या भरवशावर. लोकांनी जे सांगितले त्यातून अपेक्षेच्या मानाने फारच थोडे हाती आले. 1803 मध्ये त्याच्यानंतरचा पंतप्रधान ॲडिंग्टनने दर दहा टक्क्यांवरून पाचावर आणला, पण व्याज आणि लाभांशासारखे उत्पन्न देणाऱ्यालाच कर कापून भरायला लावला. निम्म्या दरात तिजोरीत जवळजवळ पूर्वीइतकीच रक्कम जमा झाली. माणसे रातोरात प्रामाणिक झाली नव्हती. कर भरायचा की नाही हे ठरवायची संधी त्यांच्या हातून गेली होती. दोन शतके जगातली बहुतेक सरकारे या एका युक्तीवर उभी आहेत. अनिवासी माणसाच्या बाबतीत तर ती आणखी खरी. डॅलसला राहणाऱ्याने पुण्यातला फ्लॅट विकला आणि पैसे नेले, की आपल्या प्राप्तिकर अधिकाऱ्याने त्याच्यामागे कुठवर जायचे? इथे जप्त करायला ना पगार, ना दुकान. करारांखाली दुसऱ्या देशाची मदत मागता येते, पण ती वाट इतकी लांबची आहे की काही लाखांसाठी कोणी ती धरत नाही. तेव्हा पैसा देशात आहे तोवरच आपला वाटा काढून घेणे हे शहाणपणाचे आहे. ‘टीडीएसच नको’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आजवर दिलेले नाही.

इथपर्यंत सरकारचे बरोबर आहे. पुढचा हिशोब मात्र जरा जवळून पाहू.

समजा, कोथरूडमधला एक फ्लॅट. 2012 मध्ये 55 लाखांना घेतलेला, आता 80 लाखांना विकायचा आहे. मालक अमेरिकेत, कुलमुखत्यारपत्र त्याच्या वडिलांच्या नावे. इसाराची रक्कम घेताना वडील, साठेखतावर सही करताना वडील, हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे अंगठा आणि फोटो देतानाही वडीलच. मालक इथला निवासी असता, तर खरेदीदाराने एक टक्का, म्हणजे 80 हजार रुपये कापून भरले की तो मोकळा. पन्नास लाखांच्या आतला व्यवहार असता, तर तेवढेही नाही. पण मालक अनिवासी निघाला की सारे बदलते. पन्नास लाखांची सूट नाही, एक टक्क्याचा दर नाही. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि चार टक्के उपकर. विक्रेत्याला खरा नफा 25 लाखांचा, त्यावरचा कर उपकरासह सव्वातीन लाख. पण विक्रेत्याच्या नफ्याचा हिशोब खरेदीदाराने आपल्या मनाने करून चालत नाही; कमी कपातीचा दाखला अधिकाऱ्याकडून आणावा लागतो. दाखला नसेल तर सीए सांगतात, पूर्ण किमतीवर कापा. 80 लाखांवर अधिभार-उपकर धरून 14.3 टक्के, म्हणजे 11 लाख 44 हजार. सव्वातीन लाखांच्या करासाठी साडेअकरा लाख अडकवायचे आणि उरलेले सव्वाआठ लाख परताव्यात मागायचे. त्या परताव्यावर सरकार व्याज देणार महिन्याला अर्धा टक्का. उलट खरेदीदाराने कमी कापले, तर त्याच्याकडून घेणार महिन्याला एक टक्का, आणि कापून भरले नाही तर दीड. पती परदेशात, पत्नी इथे आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर एकाच धनादेशाच्या दोन भागांवर दोन वेगळे कायदे लागू होतात, हे तर बहुतेक खरेदीदारांच्या गावीही नसते.

आता मूळ प्रश्न. मालक निवासी की अनिवासी, हे खरेदीदाराला कळायचे कसे? ते ठरते विक्रेता त्या वर्षी किती दिवस भारतात होता यावर, आणि ढोबळ मोजमाप 182 दिवसांचे असले तरी त्याला आधीच्या वर्षांतले दिवस, इथले उत्पन्न, परदेशी नोकरीसाठी गेला की भेटीवर आला, अशा पोटनियमांच्या फांद्या आहेत. पॅन कार्डावर हे लिहिलेले नसते. आधार कार्डावर पत्ता कोथरूडचाच असतो. पासपोर्ट भारतीय असू शकतो. कित्येकदा विक्रेत्यालाही वर्ष संपेपर्यंत स्वतःबद्दल खात्रीने सांगता येत नाही. जूनमध्ये घर विकणारा माणूस मार्चपर्यंत किती दिवस भारतात राहील, हे जूनमध्ये कोण सांगणार? तरीही कायदा खरेदीदाराला सांगतो: चुकलास तर कसूरदार करदाता, म्हणजे कर थकवणारा, तू. विक्रेत्याने ‘मी इथलाच’ असे तोंडी सांगितले, एक टक्का कापला गेला, व्यवहार झाला, पेढे वाटले गेले आणि दोन वर्षांनी नोटीस आली, तर ती येते कोथरूडला. डॅलसला नाही. खात्याने पूर्ण किमतीवर बोट ठेवले, तर फरक 10 लाख 64 हजारांचा आणि दोन वर्षांचे नुसते व्याज अडीच लाखांच्या वर. दंड वेगळा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे संन्याशाने गृहकर्जही काढलेले असते.

यावर खात्याची बाजू घेणारे तीन उत्तरे देतात, आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिले: कमी कपातीच्या दाखल्याची सोय आहेच, ती वापरा. दुसरे: सर्वोच्च न्यायालयानेच 2010 मध्ये जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटरच्या खटल्यात स्पष्ट केले, की रक्कम भारतात करपात्र असेल तरच कपातीची जबाबदारी येते, सरसकट येत नाही. तिसरे: विक्रेत्याने स्वतः विवरणपत्र भरून कर चुकता केला असेल, तर कपात न करणाऱ्याला कसूरदार धरत नाहीत, ही सवलत आधी निवासी विक्रेत्यांपुरती होती, 2019 मध्ये अनिवासींच्या व्यवहारांनाही मिळाली.

पहिल्या उत्तरातली अडचण अशी, की दाखला मागण्यासाठी आधी विक्रेता अनिवासी आहे हे माहीत हवे. जे माहीत नाही त्याचा दाखला कसा मागणार? शिवाय अर्ज बहुधा विक्रेत्यानेच करायचा असतो, तो आंतरराष्ट्रीय करआकारणीच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि दाखला येईपर्यंत साठेखतातली मुदत, बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत आणि खरेदीदाराच्या भाड्याच्या घराची नोटीस, तिन्ही घड्याळे चालूच असतात. तिसरे उत्तर कागदावर उदार दिसते, पण ते संपूर्णपणे विक्रेत्याच्या मर्जीवर टांगलेले आहे. सीएचे प्रमाणपत्र हवे, त्यासाठी विक्रेत्याची कागदपत्रे हवीत. पैसे घेऊन गेलेला, फोन न उचलणारा माणूस खरेदीदाराच्या सुटकेसाठी धावून येईल? ज्या प्रामाणिक विक्रेत्याने कर भरला आहे तो येईलही, पण तिथे सरकारचे नुकसान मुळातच झालेले नाही. ज्याने बुडवला तो येणार नाही, आणि नेमक्या त्याच वेळी खरेदीदाराला संरक्षणाची गरज असते.

दुसऱ्या उत्तरावर थोडे थांबायला हवे, कारण ते सर्वांत मजबूत आहे आणि त्याच्या पोटात अनिवासींना पैसे देताना कर कापायला लावणाऱ्या कलम 195 चा सगळा इतिहास आहे. ‘करपात्र असेल तरच कापा’ हे तत्त्व म्हणून निर्दोष. पण करपात्र आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? पैसे देणाऱ्याने, स्वतःच्या जोखमीवर, आणि चुकले तर अनेक वर्षांनी. 1996 चा क्रिकेट विश्वचषक आठवा. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या संयुक्त समितीने, पिलकॉमने, निरनिराळ्या देशांच्या क्रिकेट मंडळांना हमीच्या रकमा दिल्या. पैसे लंडनच्या खात्यातून गेले. समितीचे म्हणणे, यात भारतीय उत्पन्न कुठले? सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कर कापायलाच हवा होता, आणि दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार घेऊन कपात टाळता येत नाही. निकालाची तारीख एप्रिल 2020. जे उत्तर द्यायला देशातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत चोवीस वर्षे लागली, ते धनादेश लिहिण्याच्या क्षणी समितीच्या खजिनदाराला माहीत असायला हवे होते! संगणक प्रणालीच्या व्यवहारांतही तेच झाले. परदेशी कंपनीचे तयार सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे रॉयल्टी देणे का, यावर बंगळूरच्या कंपन्यांपासून सुरू झालेला वाद 2021 च्या मार्चमध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस या कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. रॉयल्टी नाही, म्हणून कपातही नाही, असे न्यायालय म्हणाले. मूळ व्यवहार सुमारे दोन दशकांपूर्वीचे होते. त्या दोन दशकांत कर्नाटक उच्च न्यायालय एक बोलत होते आणि दिल्ली उच्च न्यायालय दुसरे. न्यायाधीशांचे आपसांत जमत नव्हते. हिशोबनीसाने मात्र चुकायचे नाही.

त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे या वादात कोणी वळून पाहत नाही. 2012 मध्ये कायद्यातल्या रॉयल्टीच्या व्याख्येत मागील तारखेने स्पष्टीकरण घातले गेले होते. त्याच्या आधाराने, त्यापूर्वी पैसे देणाऱ्यांनीही कर कापायला हवा होता असे म्हणता येईल का? न्यायालयाचे उत्तर: नाही. कायदा कोणाला अशक्य ते करायला लावत नाही. जी तरतूद पैसे देताना अस्तित्वातच नव्हती, ती पाळणे कोणालाही शक्य नव्हते. माझे म्हणणे एवढेच, की हे तत्त्व एक पाऊल पुढे न्या. अस्तित्वात नसलेली तरतूद पाळणे अशक्य असेल, तर समोरच्याच्या पासपोर्टवरचे शिक्के मोजल्याशिवाय न कळणारी वस्तुस्थिती ओळखणे कितीसे शक्य आहे?

व्होडाफोनच्या प्रकरणाची आठवण सगळ्यांना आहे, पण चुकीची आहे. पूर्वलक्षी कराचे प्रकरण म्हणून ते लक्षात राहिले. व्होडाफोन मुळात करदाता नव्हतीच. 2007 मध्ये या ब्रिटिश दूरसंचार कंपनीने हाँगकाँगच्या हचिसनकडून केमन बेटांवरची एक कंपनी सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतली. त्या कंपनीमार्फत भारतातल्या दूरसंचार व्यवसायातला हिस्सा येत होता. नफा झाला हचिसनला. नोटीस आली व्होडाफोनला, कारण तिने पैसे देताना कर कापला नाही. म्हणजे अकरा हजार कोटींच्या वर गेलेली ती मागणी आणि कोथरूडच्या खरेदीदाराला आलेली दहा लाखांची नोटीस एकाच कलमाच्या पोटातून निघतात. फरक पुढचा. व्होडाफोनने मुंबई उच्च न्यायालयात हरल्यावर जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. त्याच वर्षी सरकारने कायदा मागे 1962 पर्यंत बदलला आणि कपातीची जबाबदारी जगातल्या कोणाही पैसे देणाऱ्यावर आहे, त्याचे भारतात दुकान असो वा नसो, असे लिहून टाकले. मग कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात सरकारला हरवले आणि 2021 मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी मागणी मागे घेतली. चौदा वर्षे लढायला तिच्याकडे वकिलांच्या फौजा होत्या. कोथरूडच्या माणसाकडे एक सीए असतो, आणि तोही जुलैमध्ये भेटत नाही.

आपल्याकडे वसुलीचे काम सरकारबाहेरच्या माणसाकडून करून घेण्याची परंपरा काही नवी नाही. गावचा पाटील सारा गोळा करी, कुलकर्णी हिशोब ठेवी. वसुली कमी पडली की तगादा पाटलालाच लागे. पण त्या कामाच्या बदल्यात वतन होते, इनाम जमीन होती, मानपान होता; शिवाय कोणाच्या शेतात काय पिकले हे पाटलाला उघड्या डोळ्यांनी दिसत होते. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे परगण्यांच्या वसुलीचे अधिकार, मक्त्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा रयत नागवली गेली, तरी मक्तेदार आपण होऊन बोली लावायला येत होता. महाराष्ट्रात पाटीलकीची वतने 1962 च्या कायद्याने संपली. आज घर घेणारा प्रत्येक माणूस सरकारचा बिनपगारी वसुलीदार आहे: वतन नाही, माहिती नाही, नकार द्यायची सोय नाही. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब नाही’ हे वाक्य इथे फेकले जाते. कबूल. कायद्याचे अज्ञान सबब नाहीच. पण विक्रेत्याचा प्रवास माहीत नसणे हे कायद्याचे अज्ञान नव्हे, ते दुसऱ्याच्या खासगी आयुष्याचे अज्ञान आहे.

यावर तोडगा नाही म्हणून हे चालले आहे, असेही नाही. अमेरिकेत परदेशी माणसाकडून घर घेणाऱ्याने साधारणपणे किमतीच्या 15 टक्के कापायचे असतात; आपल्याहून कडक वाटेल असा नियम. पण विक्रेत्याने ‘मी परदेशी नाही’ असे शपथेवर लिहून दिले आणि ते खोटे असल्याचे खरेदीदाराला ठाऊक नसले, तर खरेदीदार सुटला. शिवाय स्वतः राहण्यासाठी घेतलेले तीन लाख डॉलरपर्यंतचे घर असेल तर कपातच नाही. कॅनडात खरेदीदाराने वाजवी चौकशी केली असेल तर त्याला धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाने तर जबाबदारी सरळ उलटी केली: विक्रेता निवासी असेल तर त्यानेच कर खात्याचा दाखला आणायचा, दाखला नसेल तर खरेदीदार डोळे मिटून कापतो. 2025 पासून तिथे हा नियम कोणत्याही किमतीच्या मालमत्तेला लागू आहे. तिन्ही देश कर सोडत नाहीत. ज्याला खरे माहीत आहे त्यालाच ते बोलायला लावतात.

अशी शपथपत्रे इथे खोटी होतील, खरेदीदार-विक्रेते संगनमत करतील, असा आक्षेप येईल. काही होतीलही. पण पैसा देशाबाहेर जाण्याच्या वाटेवर दुसरे दार आहे, हे आपण का विसरतो? अनिवासीच्या विक्रीचा पैसा सहसा एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, यावा लागतो, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतो, आणि नेताना कर भरल्याचे कागद, मोठ्या रकमेला सीएचे प्रमाणपत्र, बँकेपुढे ठेवावे लागते. त्या दारावर बँक उभी आहे: केवायसी तिच्याकडे, खात्याचा प्रकार तिला माहीत, आणि या कामाचे शुल्कही ती घेते. मूळ खरेदीची किंमतही सरकारला शोधत हिंडायला नको. ती त्याच दुय्यम निबंधकाच्या दप्तरी इंडेक्स टूवर, म्हणजे दस्ताच्या सारांशाच्या उताऱ्यावर, नोंदलेली आहे. नोंदणीच्या वेळीच विक्रेत्याच्या निवासी दर्जाची घोषणा दस्तात घालायची, खोटी निघाली तर कर, व्याज आणि दंड त्याच्याच पॅनवर आणि त्याच्या इथल्या उरलेल्या मालमत्तेवर चढवायचे, आणि अनिवासी म्हणून कळलेल्या विक्रेत्याची कपात नोंदलेल्या नफ्यावर करू द्यायची. महसूल यात बुडत नाही. खात्याचे काम मात्र वाढते, कारण आज जो माणूस घरबसल्या हाती लागतो त्याच्याऐवजी खऱ्या देणेकऱ्यामागे जावे लागेल.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 2025 चा आला. कलम 195 चा मजकूर कलम 393 च्या तक्त्यात जाऊन बसला. पाने कमी झाली, वाक्ये सोपी झाली, हे मान्य. साठ वर्षांनी अख्खा कायदा नव्याने लिहायची संधी आली असताना, सद्भावनेने घोषणेवर विसंबलेल्या खरेदीदाराला कसूरदार धरू नये, हे एक उपकलम त्यात घालायला काय हरकत होती? टॅन काढून टाकल्याने खरेदीदाराचा एक अर्ज वाचला. नोटीस त्याच पत्त्यावर येत राहील, फक्त आता ती त्याच्या पॅनवर येईल.